उजवीकडचा रकाना

पहिला गठ्ठा तपासताना जयमाला भिंगारदिवेला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. दुसरा गठ्ठा संपला तेव्हा आपलं काही चुकलेलं नाही अशी तिची खात्री पटली. तिसऱ्याला हात घालण्याआधी तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

‘मला माझ्या पलटणीचा अभिमान वाटतो’ या वाक्यासमोर सगळ्यांनी ‘पूर्ण सहमत’वर खूण केली होती. ‘माझी अडचण वरिष्ठ ऐकून घेतात’, पूर्ण सहमत. इथवर एक वेळ मान्य. पण ‘मी केलेल्या कामाची इथे कुणीही दखल घेत नाही’ यालाही पलटण पूर्ण सहमत होती. ‘मला रात्र रात्र झोप लागत नाही’, पूर्ण सहमत. ‘मी जन्मात एकदाही खोटं बोललेलो नाही’, पूर्ण सहमत. म्हणजे अख्खी पलटण एकाच वेळी कमालीची सुखी होती, कमालीची दुःखी होती, तिला झोप येत नव्हती आणि ती कधीच खोटं बोलत नव्हती.

जयमाला दिल्लीतल्या एका सरकारी संशोधन संस्थेत मानसशास्त्रज्ञ होती. जवानांचं मनोबल कसं मोजायचं यावर तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षं घासून ही प्रश्नावली तयार केली होती. पहिली चाचणी नगरच्या लष्करी हद्दीतल्या एका पलटणीत घ्यायचं ठरलं, तेव्हा तिनं स्वतःहून हात वर केला होता. तिचं माहेर भिंगारला, छावणीच्या अगदी कुशीत. वडील सहादू भिंगारदिवे हवालदार होऊन निवृत्त झालेले. लहानपणापासून बिगुलावर उठलेली ही मुलगी, तिला वाटलं होतं आपल्याला इथली माणसं कळतात. वाकडी वाक्यं तर तिनं मुद्दाम पेरली होती, कोण न वाचता खुणा करतो ते कळावं म्हणून. ते कळलं. सगळेच.

ती तडक सुभेदार-मेजर आंधळ्यांच्या खोलीत गेली. आंधळे पाथर्डीकडचे. मिशा भरदार, आवाज त्याहून भरदार. सगळ्या पलटणीचा दिनक्रम त्यांच्या मुठीत.

“या मॅडम. चहा सांगू?”

“नको. साहेब, जवानांना प्रश्नावलीबद्दल कुणी काही सांगितलं होतं का?”

“सांगितलं ना. मीच सांगितलं.” आंधळ्यांचा चेहरा खुलला. “प्रत्येक ओळीत सगळ्यात उजवीकडच्या रकान्यात खूण करायची. एकही ओळ रिकामी राहता कामा नये. मागे असलंच काहीतरी आलं होतं, पोरांनी अर्धवट भरलं आणि वरून पत्र आलं. या वेळेला म्हटलं, मॅडम आपल्या भिंगारच्या, त्यांना त्रास नको.”

“पण साहेब, कुठं खूण करायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं होतं.”

आंधळ्यांनी तिच्याकडे जरा कीव येऊन पाहिलं. “मॅडम, एवढी माणसं आपलं आपण ठरवायला लागली तर पलटण चालायची कशी?”

तिनं चहा घेतला.

पलटणीचे प्रमुख कर्नल राजेशिर्के माणूस सभ्य होता, फक्त सतत घाईत. महिनाअखेरीला वरून पाहणी होणार होती आणि त्यांना प्रत्येक गोष्ट त्याआधी उरकायची होती. जयमालानं पुन्हा चाचणी मागितली तेव्हा ते सहज हो म्हणाले. “तुमच्या अटी सांगा डॉक्टर, सगळ्या मान्य. मला शेवटी एक आकडा द्या म्हणजे झालं.”

तिनं अटी घातल्या. एका वेळी एकच कंपनी बसवायची. खोलीत सुभेदार, हवालदार कुणी नको. कागदावर नाव नको, नंबर नको. प्रत्येक कंपनीसमोर ती स्वतः उभी राहिली आणि म्हणाली, “तुम्ही लिहाल ते माझ्याशिवाय कुणी बघणार नाही. खरं असेल तेच लिहा.” हे ती मनापासून बोलत होती.

निकाल आला. ए, बी आणि डी कंपन्यांनी आता सरळ वाक्यांना उजवीकडे आणि वाकड्या वाक्यांना बरोब्बर डावीकडे खुणा केल्या होत्या. बॅरेकमध्ये बसून कुणीतरी चक्क शिकवणी घेतली होती. जयमालाला हसावं की रडावं ते कळेना. तीन वर्षांच्या मेहनतीवर या लोकांनी एका संध्याकाळात गाइड काढलं होतं.

सी कंपनीचे कागद मात्र उघडले आणि ती ताठ बसली. इथं खुणा सगळीकडे विखुरलेल्या होत्या, बऱ्याचशा डावीकडे. शेवटी ‘आणखी काही सांगायचे असल्यास’ म्हणून जी मोकळी जागा ठेवली होती ती कुणी भरत नाही असा तिचा अनुभव. सी कंपनीनं ती भरून कागद उलटा करून मागेही लिहिलं होतं. आंघोळीचं पाणी आमची पाळी येईपर्यंत गार होतं. लंगरच्या जेवणात भोपळा फार. सुटी मंजूर होते आणि मग परेडसाठी रद्द होते. चिलखती गाडीच्या साखळीचे सुटे भाग वेळेवर येत नाहीत आणि बोलणी आम्ही खातो. आमचे मेजरसाहेब आधी चिडतात आणि मग त्यांना वाईट वाटतं, पण तोवर आमच्या मैदानाला चकरा मारून झालेल्या असतात. एकानं लिहिलं होतं, साहेब माणूस चांगला आहे पण त्यांना घड्याळ कळत नाही.

जयमाला ते कागद वाचत बसली. किती दिवसांनी तिला माणसांचा आवाज ऐकू आला होता. तिनं चार कंपन्यांचा आलेख काढला. तीन खांब छताला टेकलेले, सी कंपनीचा त्यांच्या कमरेलाही पोचत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कर्नलसाहेबांनी चहाला बोलावलं. “काय म्हणतात आमची पोरं? कुठं काही अडचण?”

तिचं डोकं तेव्हा जागेवर असतं तर ती म्हणाली असती, अजून काम चालू आहे. पण इतके दिवस भिंतीवर डोकं आपटून शेवटी काहीतरी हाती लागलं होतं, आणि समोरचा माणूस आपुलकीनं विचारत होता. लॅपटॉप उघडाच होता. तिनं तो फिरवून त्यांच्यापुढे केला. “बाकी तिन्हींचे आकडे फुगलेले वाटतात सर. सी कंपनीचं मनोबल बरंच कमी दिसतंय, पण त्याचा अर्थ काय ते मला अजून तपासायचं आहे.”

कर्नल राजेशिर्क्यांना मधलं तेवढं ऐकू आलं. त्यांनी आलेखाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. “बरं झालं वेळेवर सांगितलंत.”

सोमवारी भल्या सकाळी ती गेटमधून आत शिरली तर मैदानावरून हसण्याचा आवाज येत होता. साधं हसणं नव्हतं ते. एका तालात, एका दमात. “हा! हा! हा! हो! हो! हो!” जवळ जाऊन पाहते तर सी कंपनी तीन रांगांत उभी, हात वर, आणि समोर शिट्टी तोंडात धरून सुभेदार-मेजर आंधळे. मैदानाच्या कडेला नवा कोरा फलक लागला होता, ‘मनोबल उन्नती पंधरवडा’. शिट्टी वाजली की हसायचं, पुन्हा वाजली की थांबायचं. मागच्या रांगेतला एकजण उशिरा थांबला. आंधळे ओरडले, “तू कुणाला विचारून हसतोयस?”

जयमालाच्या शेजारी एक अधिकारी येऊन उभा राहिला. उन्हानं रापलेला चेहरा, तळहातांना ग्रीस लागलेलं. सी कंपनीचे मेजर कल्याण सरनोबत.

“रोज पहाटे अर्धा तास हसायचं,” ते शांतपणे म्हणाले. “मग सकारात्मक विचारांवर व्याख्यान. वक्ते पुण्याहून येणार, तेही रविवारी, म्हणून बाहेर जायचे रविवारचे आऊटपास बंद. संध्याकाळी सक्तीचं व्हॉलीबॉल. गाड्यांचं काम आता रात्री करावं लागणार, कारण दिवसभर मनोबल चालू असणार.”

“मेजरसाहेब, मी असं काहीही सुचवलेलं नाही.”

“मला माहीत आहे.” ते मैदानाकडेच बघत होते. “तुमची चाचणी होती त्या सकाळी मी पोरांना म्हणालो होतो, मॅडमवर भरवसा ठेवा, खरं ते लिहा. माझ्याविरुद्ध असलं तरी लिहा. तुम्हीही तेच सांगितलंत ना?”

“हो.”

“त्यांनी लिहिलं.” मेजर सरनोबतांनी एवढंच म्हटलं आणि ते शेडकडे निघून गेले. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

ती कर्नलसाहेबांकडे गेली. ते तिचं ऐकून घेत होते, पण त्यांचं अर्धं लक्ष सही करायच्या कागदांवर होतं. “डॉक्टर, तुम्ही आजार सांगितलात, मी औषध सुरू केलं. यात माझं काय चुकलं?”

“सर, मी आजार सांगितला नव्हता. मी तपासतेय म्हटलं होतं.”

“आकडा कमी होता की नाही?”

“होता.”

“मग?”

तिला आतून कळत होतं की काहीतरी उलटं झालंय, पण काय उलटं झालंय ते शब्दांत येत नव्हतं. ती तशीच उठली. स्वतःचा एवढा राग तिला बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

घरी वेगळाच दरबार भरला होता. भिंगारात कुणाचीही कुठलीही गोष्ट तासाभरात सगळीकडे होते. सहादू भिंगारदिवे ओट्यावर पाय लांब करून तिची वाट बघत बसले होते.

“जया, तू पलटनीचं नाव खराब केलंस म्हनं.”

“आण्णा, मी कुणाचं नाव खराब केलेलं नाही.”

“मग त्या पोरांला येड्यावानी हसवत्यात ते काय उगं? अगं, फौजी मानसाला मनोबल हाय का म्हनून इचारत न्हाईत. ते असतंच. आमच्या टायमाला कुनी इचारलं न्हाई आमाला, आन आमचं काय कमी हुतं?”

“तुमचं होतं का आण्णा? खरं सांगा.”

“एकदम फस्क्लास!” आण्णा गरजले आणि पाय खाली घेताना कळवळले. गुडघा. गेले दोन महिने त्यांनी त्या गुडघ्यापायी घर डोक्यावर घेतलं होतं. चालताना कण्हायचे, बसताना कण्हायचे, आईनं तेल लावलं की तिच्यावर खेकसायचे आणि नाही लावलं तरी खेकसायचे. आई, भिमाबाई, आतून म्हणाली, “उद्या दवाखान्याची तारीख हाय. तू चल बाई संगं. मला न्हाई आवरत हे.”

दुसऱ्या दिवशी तिघं रिक्षानं माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेली. रिक्षात आण्णांनी प्रत्येक खड्ड्याला एक शिवी घातली. नंबर लागला. डॉक्टर तरुण होते, नम्र होते. “या हवालदारसाहेब. गुडघा काय म्हणतो?”

आण्णा खुर्चीत ताठ बसले. छाती पुढे. “एकदम ओके साहेब. काय तक्रार न्हाई.”

जयमाला पुढे झाली. “आण्णा!”

“तू गप. मोठी मानसं बोलत्यात.”

“चढ-उतर करताना दुखतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“न्हाई साहेब. किरकोळ.”

डॉक्टरांनी त्याच गोळ्या पुढे चालू ठेवल्या. बाहेर पडून रिक्षात बसेपर्यंत आण्णा ताठ होते. रिक्षा सुरू झाली आणि पहिल्याच खड्ड्याला ते आईच्या खांद्याला धरून विव्हळले, “आई गं! मेलो गं भिमे!”

जयमालाचा संयम सुटला. “अहो, आता विव्हळताय! आत काय झालं होतं? डॉक्टरनं विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?”

“त्याला कशाला सांगायचं?” आण्णाही चिडले. “तो काय करनार हाय? नुस्ता लिवून घेतो. उद्या म्हनंल, फिरायला जाऊ नका, घोडेगावच्या बाजाराला जाऊ नका. तुझ्या आईला सांगितलं तर ती शिव्या देती, पन ऐकती. रातभर ऐकती. त्यो माझा कोन लागतो?”

“म्हंजी म्या ऐकायचं आन डाक्टरला फस्क्लास सांगायचं,” भिमाबाई म्हणाली. “चाळीस वर्सं हेच चाललंय.”

दोघांचं भांडण सुरू झालं. जयमाला बाहेर बघू लागली. रिक्षा छावणीच्या भिंतीकडेनं चालली होती आणि तिच्या डोळ्यांसमोर तो आलेख उभा राहिला. जिथं काही ऐकून घेतलं जाईल असं वाटत नाही, तिथं माणूस छाती पुढे काढून सगळं ठीक म्हणतो. कुरकूर करायलासुद्धा कुणीतरी आपलं लागतं. सी कंपनीला कुणीतरी होतं, म्हणून ती बोलली. हे तिला काही नवीन नव्हतं, तिनं स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. आणि तरी तिनं तो बुटका खांब बघितला आणि ‘मनोबल कमी’ म्हणून मोकळी झाली. तेही कर्नलसमोर.

पुढचे दोन दिवस तिनं लॅपटॉप उघडलाच नाही. ती ए कंपनीच्या बॅरेकमध्ये गेली. सगळे उठून उभे राहिले. काय चाललंय म्हणून विचारलं की जवान आधी हवालदाराच्या तोंडाकडे बघायचे आणि मग म्हणायचे, “सब बढ़िया, मॅडम.” ती निघेपर्यंत कुणी बसलं नाही. 

मग ती सी कंपनीच्या गाड्यांच्या शेडमध्ये गेली. एका चिलखती गाडीची साखळी उतरवून ठेवली होती. मेजर सरनोबत स्वतः गाडीखाली आडवे झाले होते, फक्त बूट दिसत होते. बाहेर नायक गोरक्षनाथ दहातोंडे हत्यारं पुढे करत होता. हा चांद्याचा, शनिशिंगणापूरच्या अलीकडचा. त्याचं तोंड अखंड चालू होतं.

“साहेब, काल म्हनला तासात हुईल. कालचा तास अजून संपला न्हाई का?”

गाडीखालून आवाज आला, “पाना दे.”

“पाना देतो, पन पोरं जेवायची ऱ्हायल्यात. सकाळधरनं नुस्ती हसल्यात. हसून पोट भरतं व्हय?”

“पाठव त्यांना जेवायला.”

“आन तुमी?”

“येतो.”

“परवाबी येतो म्हनला हुता.” गोरक्षनाथनं बाकीच्यांना हातानं खूण केली, पोरं जेवायला निघाली, पण दोघं परत आले आणि साहेबांचं ताट शेडमध्येच ठेवून गेले. जयमाला एका कोपऱ्यात स्टुलावर बसून होती. तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. तिला त्या दोन दिवसांत जे कळलं ते तीन वर्षांत कळलं नव्हतं. आता ते कर्नलसाहेबांना पटवायचं होतं.

“म्हणजे,” कर्नल राजेशिर्के सगळं ऐकून म्हणाले, “कमी आकडा म्हणजे मनोबल चांगलं, आणि जास्त आकडा म्हणजे वाईट?”

“तसंही नाही सर. तक्रारी खऱ्या आहेत, त्या सोडवायला हव्यात. पण त्या सांगाव्याशा वाटल्या, हे चांगलं लक्षण आहे. दुसऱ्या कंपन्यांनी काहीच सांगितलं नाही, त्याची मला काळजी वाटते.”

“ज्यांनी काहीच तक्रार केली नाही त्यांची काळजी?”

“हो.”

“डॉक्टर, मग ही प्रश्नावली तुम्ही तीन वर्षं कशासाठी बनवत होतात?”

प्रश्न रास्त होता. म्हणूनच तो जास्त लागला. कर्नलसाहेबांनी बेल वाजवली आणि पंधरवडा संपताच सी कंपनीची चाचणी पुन्हा घ्यायचा हुकूम दिला. “बघू सुधारणा झाली का. पाहणीच्या आधी मला हे मिटलेलं पाहिजे.”

तिसऱ्यांदा सी कंपनी बाकांवर येऊन बसली. जयमालानं कागद वाटले. “मागच्या वेळी मी शब्द दिला आणि तो माझ्याकडून पाळला गेला नाही,” ती म्हणाली. “या वेळी कंपनीचा आकडा मी वेगळा काढून देणार नाही. तुम्हाला वाटतं तेच लिहा.”

गोरक्षनाथ दहातोंडे उठून उभा राहिला. शेडमधला तो नव्हेच. टाचा जुळलेल्या, नजर समोर. “मॅडम, मागच्या टायमाला खरं लिवलं तर आमच्या साहेबांना तीनदा वर बोलवून घेतलं. आता आमचं आमी बगतो.”

तो बसला आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. खोलीत फक्त पेनांचा आवाज. पुढच्या बाकावरच्या एकानं एका वाकड्या वाक्यापुढे चुकून उजवीकडे खूण केली, तर शेजाऱ्यानं तिच्यादेखत त्याच्या मनगटाला धरून ती खोडायला लावली आणि डावीकडे बोट दाखवलं. तिच्याकडे पाहून तो ओशाळलासुद्धा नाही. प्रश्नावली इतक्या लवकर कधीच भरून झाली नव्हती. शेवटच्या मोकळ्या जागेत प्रत्येकानं एकच वाक्य लिहिलं होतं, काही अडचण नाही.

वेगळा आकडा द्यायचाच नाही असं तिनं ठरवलं होतं. पण त्या दिवशी दुसरी कुठली कंपनी बसलीच नव्हती, त्यामुळे जो काय आकडा होता तो सी कंपनीचाच होता. एवढी साधी गोष्टही आधी आपल्या ध्यानात आली नाही म्हणून तिनं कपाळावर हात मारला. कर्नलसाहेबांनी कारकुनाकरवी कागद मागवून घेतले आणि त्या संध्याकाळीच आलेख तयार झाला. पंधरवड्याआधीचा खांब गुडघ्याएवढा, नंतरचा छताला टेकलेला. रंगही छान होते.

पलटणीच्या दरबारात, म्हणजे सगळ्या जवानांच्या सभेत, कर्नलसाहेबांनी तो आलेख पडद्यावर दाखवला. मेजर कल्याण सरनोबतांचं खास कौतुक झालं. एवढ्या कमी काळात कंपनीचं मनोबल उंचावल्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं. मेजर उभे राहिले, सलाम केला, बसले. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. आंधळ्यांनी शिट्टीशिवाय टाळ्या वाजवायला लावल्या.

दिल्लीहून तिच्या वरिष्ठांचा फोन आला. “जयमाला, अभिनंदन! हस्तक्षेपाआधी आणि हस्तक्षेपानंतर, इतका स्वच्छ फरक मी कधी बघितला नाही. आपण हा पंधरवड्याचा नमुना दुसरीकडेही सुचवू. शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं.”

“सर, तो फरक खोटा आहे. त्यांनी ठरवून लिहिलंय.”

“सगळ्यांनी ठरवून?”

“सगळ्यांनी. त्यांच्या मेजरला वाचवायला. सर, तुम्हाला मनोबलच बघायचं असेल तर ते ह्यात आहे. अख्ख्या कंपनीनं एका माणसासाठी कुणी हुकूम न देता एकच गोष्ट केली. पण हे आकड्यात कसं मांडायचं ते मला माहीत नाही, आणि आपण हे मोजायला गेलो म्हणूनच त्यांना खोटं लिहावं लागलं.”

“हे फार महत्त्वाचं निरीक्षण आहे,” वरिष्ठ म्हणाले. “परिशिष्टात घालू.”

“परिशिष्टात नाही सर. पहिल्या पानावर. आणि एक शिफारस, कुठल्याही कंपनीचा निकाल तिच्या कर्नलला कळता कामा नये. नाहीतर हे बंद करा.”

“ते कसं शक्य आहे? कर्नलला नाही कळवायचं तर मोजायचं कशाला?”

ती पुष्कळ भांडली. शेवटी तिनं निबंधातून स्वतःचं नाव काढून घेतलं आणि आपला अहवाल वेगळा पाठवला. त्याचं काय होईल ते तिला ठाऊक होतं. पंधरवड्याचा नमुना पुढे जाईल आणि कुठल्या कुठल्या मैदानांवर माणसं पहाटे शिट्टीवर हसतील. घरी आण्णांना हे सगळं सांगितलं तर ते समाधानानं म्हणाले, “म्हंजी शेवटी शंभर टक्के आलं ना? झालं मग.” तिनं वाद घातला नाही. फक्त डॉक्टरांना फोन करून गुडघ्याचं खरं काय ते सगळं सांगून टाकलं, आणि त्यावरून घरात दोन दिवस आण्णांनी तिच्याशी अबोला धरला.

दिल्लीला परतायच्या आदल्या दिवशी ती सी कंपनीच्या शेडमध्ये गेली. गाडीची साखळी चढली होती. तिला बघताच सगळे उठून उभे राहिले. आधी कधी उठले नव्हते.

“बसा ना,” ती म्हणाली. कुणी बसलं नाही. “मला तुमची माफी मागायची आहे. तुम्ही विश्वासानं लिहिलंत आणि माझ्या उतावीळपणामुळे तुम्हाला त्रास झाला. मेजरसाहेबांनाही झाला.”

“न्हाई मॅडम, तरास कशाचा,” गोरक्षनाथ म्हणाला. “सगळं ठीक हाय.”

“खरंच?”

“व्हय मॅडम. काय अडचन न्हाई.”

तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नम्र, बंद चेहरा, दार लावलेल्या घरासारखा. ह्याच माणसानं काही आठवड्यांपूर्वी गाडीखालच्या मेजरला घड्याळावरून सुनावलं होतं. आता हे लोक पुन्हा कुणाला खरं सांगतील की नाही कोण जाणे. ती नमस्कार करून बाहेर पडली. स्वतःचा, कर्नलचा, वरिष्ठांचा, सगळ्या जगाचा संताप येऊन येऊन आता तिला त्याचाही कंटाळा आला होता.

मागून मेजर सरनोबत आले आणि तिच्याबरोबर गेटकडे चालू लागले.

“तुमचा अहवाल वाचला,” ते म्हणाले. “तुम्ही मला एक प्रत पाठवलीत, आभारी आहे. त्याचा उपयोग होणार नाही.”

“माहीत आहे. मेजरसाहेब, तुमच्या पोरांची तोंडं बंद केली मी. याचं मला फार वाईट वाटतंय.”

“तोंडं बंद?” मेजर थांबले. मग पहिल्यांदाच तिनं त्यांना हसताना पाहिलं. “काल संध्याकाळी सगळे माझ्या ऑफिसात आले. दार लावून घेतलं. मी म्हटलं आता काय! तासभर बोलत होते, मला मध्ये एक शब्द बोलू दिला नाही.”

“कशाबद्दल?”

“तुमच्याबद्दल.”

जयमालाला हसू आलं आणि त्याच दमात ते लागलंही. “काय म्हणाले?”

“एकजण म्हणाला, बाई भली आहे पण पोटात काही राहत नाही तिच्या. दुसरा म्हणाला, एवढी शिकलेली, आणि कर्नलसाहेबांनी चहा पाजला तर सगळं ओकून मोकळी. गोरक्षनाथचं म्हणणं असं की चूक तुमची नाहीच, माझी आहे. मीच तुमच्यावर भरवसा ठेवायला सांगितलं होतं ना. त्यावरून मग गाडी माझ्यावर आली. ती काही लवकर खाली उतरली नाही.”

“आणखी?”

“आणखी पुष्कळ आहे. पण तुम्ही लिहून घेणार असाल तर सांगत नाही.”

गेटबाहेर तिची रिक्षा उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. जयमालानं त्याला हातानं थांबायची खूण केली.

“नाही लिहीत,” ती म्हणाली. “सांगा.”